मेणाच्या दातांनी म्हटलेला धवला

म्हातारीचे डोळे पांढरे झाले, मान मागे गेली आणि मांडवातल्या बायांनी हात जोडले.

त्यांना वाटलं, तिच्या अंगात आलं. हळदीचा दिवस होता. म्हातारी सकाळपासून धवले म्हणत होती. धवले म्हणजे आगरी लोकांतली लग्नाची गाणी, आणि ती म्हणणारी ती धवलारीण. भटजी येतो, त्याचं तो करतो, पण धवलारणीनं म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं त्या लोकांत धरत नाहीत. अशा बाईच्या अंगात भर हळदीत देवी आली तर ते चांगलंच. एकीनं कापूर पेटवला. दुसरीनं म्हातारीच्या कपाळाला हळद फासली. बेंजोवाली पोरं जेवायला निघाली होती ती परत फिरली आणि त्यांनी जोरात ताल धरला. म्हातारी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा ओरबाडत होती. बाया म्हणत होत्या, "आली, आय आली."

आलं काही नव्हतं. खालच्या कवळीतली उजव्या बाजूची एक दाढ तिच्या श्वासनळीत गेली होती. मांडवभर माणसांत हे दोघांनाच कळलं होतं. एक मी. दुसरा तो, ज्यानं ती दाढ मेणात बसवली होती.

तो पुढच्या रांगेत खुर्चीवर बसला होता. उठला, पाट ओलांडून गेला, म्हातारीला कमरेत वाकवली आणि तिच्या पाठीत, दोन खवाट्यांच्या मध्ये, तळहाताचा रट्टा घातला. मग दुसरा. मग तिसरा.

आपला भाडेकरू आपल्या आईला, तीही अंगात आलेली असताना, सगळ्या भावकीसमोर मारतो आहे असं दिसल्यावर घरमालकानं काय करावं? कोणीही करील तेच त्यानं केलं. त्यानं भाडेकरूच्या तोंडावर ठोसा मारला. भाडेकरूनं म्हातारीला सोडलं नाही. चौथा रट्टा घातला. तोवर आणखी चारजण त्याच्यावर पडले. म्हातारीचे ओठ जांभळे होत चालले होते.

हा माणूस कोण आणि तिथं कसा आला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तो दात बनवायचा. डॉक्टर नव्हता. डॉक्टर तोंडात हात घालतो आणि माप घेतो. ते माप ज्याच्याकडे येतं आणि जो त्यावरून कवळी घडवतो, त्याला डेंटल मेकॅनिक म्हणतात. ऐरोली गावात, खाडीकडच्या अंगाला, घरमालकाच्या घराखाली त्याचा गाळा होता. तेव्हा नव्या वसाहतीच्या सेक्टरांतून नवे नवे दवाखाने निघत होते आणि तिथून डब्यांतून मापं यायची. मी दिघ्याला राहायचे. आम्ही साताऱ्याकडचे, माझा नवरा मार्केटात माथाडी होता. मला कामाची गरज होती आणि याला फरशी पुसायला बाई हवी होती.

गेले त्या दिवशी त्यानं मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. हातावर एक गोळा ठेवला.

"हे काय आहे?"

"मेण."

"कसलं?"

"गुलाबी."

"उद्यापासून या," तो म्हणाला. "आधीच्या बाईनं जिभेला लावून बघितलं आणि बर्फी नाही म्हणून मला सांगितलं."

मी त्याला शेठ म्हटलं. ते त्याला चाललं नाही. साहेब म्हटलं. तो म्हणाला, साहेब दवाखान्यात बसतात. "मग काय म्हणू?" असं विचारलं तर म्हणाला, "काही म्हणू नका. हाक मारायला मी जातो कुठं? आठ फुटांचा गाळा आहे." पाच वर्षं काम केलं, त्याला मी एकदाही हाक मारली नाही. कधी अडलं नाही.

तरुणपणी तो मुंबईत एका इस्पितळात वॉर्डबॉय होता, ऑपरेशनच्या खोलीबाहेर. तिथं त्यानं एकदा दारातून बघितलं की कापलेल्या हाडातून रक्त थांबेना, तेव्हा सर्जननं बोटाएवढं मेण मळलं आणि हाडाच्या बारीक भोकांत दाबून बसवलं. रक्त थांबलं. "बाई, कातडीला टाका घालता येतो. हाडाला कसा घालणार? तिथं मेणच." हे त्यानं मला शंभर वेळा सांगितलं असेल. तेवढं बघून तो मेणाच्या नादी लागला. दुसरा कोणी असता तर सर्जन व्हायच्या नादी लागला असता.

गाळ्यात मेणाचे डबे होते, बिस्किटांचे जुने पत्र्याचे. गुलाबी पट्ट्यांचं मेण कवळीच्या हिरड्यांसाठी. त्यात दात बसवून आधी कच्ची कवळी करायची, ती तोंडात घालून बघायची, जमली की मग प्लास्टरात गाडून वर उकळतं पाणी ओतायचं. मेण वाहून जातं, दात प्लास्टरात तसेच राहतात आणि मेणाच्या रिकाम्या जागेत पक्का मसाला भरून तो शिजवतात. उकळतं पाणी ओतायचं काम पुढं माझ्याकडे आलं. निळं मेण एकेका दाताच्या टोपीसाठी. ते कडक, नखानं कोरलं तर पूड पडते. चिकट मेण मोडलेल्या कवळीचे तुकडे धरून ठेवायला. ते बोटाला लागलं तर बोट सोलून निघायचं. तारा लावलेल्या शाळेच्या पोरींना देण्यासाठी पांढऱ्या मेणाच्या काड्या असायच्या. तार गालाला टोचली की चिमूटभर मेण तारेवर दाबायचं. आणि एका डब्यात पानावरचं मेण. कुठल्याशा परदेशी झाडाच्या पानांवर ते धरतं म्हणे. ते तो कोणाला दाखवायचा नाही.

नवा डबा आला की त्यातला तुकडा तो स्वतः चघळायचा, घड्याळ लावून. मग हातावर काढून उजेडात बघायचा. आवडलं नाही तर तो चघळलेला तुकडाच कागदात गुंडाळून दुकानदाराकडे परत पाठवायचा, वर चिठ्ठी, "यात भेसळ आहे, स्वतः खाऊन बघा." दुकानदारानं कधी खाऊन बघितलं नसावं.

मेणबत्तीला त्याची बंदी होती. शुक्रवारी वीज जायची आणि गाळा आतून काळोखा. मी एकदा मेणबत्ती लावली. त्यानं फुंकून विझवली.

"मेण जाळायला असतं का?"

"मेणबत्ती जाळायलाच असते."

"तुमच्याकडे असेल," तो म्हणाला आणि रॉकेलची चिमणी शोधायला लागला. ती शोधताना त्यानं तिघांच्या कवळ्यांची मापं पायाखाली मोडली. मी प्लास्टरचे तुकडे केरसुणीनं गोळा केले.

एकदा सेक्टरातली पार्लरवाली आली. "तुमच्याकडे वॅक्स मिळतं असं कळलं."

"कशाला पाहिजे?"

"हातापायांचे केस काढायला."

"या मेणानं माणसाला तोंड मिळतं," तो म्हणाला. "तुम्ही त्यानं केस उपटणार?"

"उपटते. आणि तुमच्यापेक्षा माझी गिऱ्हाइकं जास्त हसत बाहेर पडतात."

हे मात्र खरं होतं. त्याची गिऱ्हाइकं भांडत बाहेर पडायची. कारण त्याचा हट्ट असायचा की माणसाचे मूळचे दात जसे वेडेवाकडे होते तशीच कवळी वाकडी हवी. बेलापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेला एकजण स्वतः गाळ्यात येऊन म्हणाला, "आयुष्यभर समोरचा दात आडवा होता. आता तरी सरळ करा." यानं आडवाच बसवला. तो माणूस तणतणत गेला, दुसरीकडून सरळ कवळी करून आला आणि महिन्याभरानं परत आला. बायको म्हणत होती, जेवायला समोर कोण बसलंय तेच कळत नाही. हा म्हणाला, "बघा." पण त्या माणसाचं त्यानं काम केलं नाही. म्हणाला, माझं तोंड तुम्ही एकदा नाकारलंत. आपल्या तोंडाला हा 'माझं तोंड' म्हणतो हे ऐकून तो गृहस्थ उलट्या पावली निघाला.

दुपारी त्याच्याकडे बाया यायच्या. एका जाड भांड्यात पांढरं मेण वितळवलेलं असायचं. आचेवरून उतरवून ते निवायला ठेवायचं आणि वर पातळ साय धरली की त्यात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा. हातावर मेणाचे थर चढतात. वर फडकं गुंडाळून बसायचं. आखडलेली बोटं मोकळी होतात. इस्पितळात सांधेवाल्या लोकांना असंच करतात, ते त्यानं तिथं पाहिलेलं. माझी बोटं सकाळी मिटत नसत, ती यानं बरी झाली. त्याबद्दल तो पैसे घेत नसे. मात्र निघालेले मेणाचे हातमोजे तो टाकू द्यायचा नाही. भिंतीला खिळे होते, त्यांवर टांगून ठेवायचा. "हा मासळीवालीचा. अंगठा बघा, सुरी धरून कसा झालाय." नवा माणूस दारात आला की भिंतीवरचे ते पंजे बघून एक पाऊल मागे जायचा.

घरमालकाची आई, ती म्हातारी धवलारीण, याच हात बुडवण्याच्या निमित्तानं खाली यायला लागली. गावात तिला मोठा मान. पण तोंडात एक दात नव्हता. तीन वर्षं झाली, धवले म्हणायला तिला कोणी बोलावत नव्हतं. बोलावत नव्हतं म्हणजे, पाय धरत होते, साडी देत होते आणि म्हणायला गोठिवलीची दुसरी धवलारीण आणत होते. आता तिच्या सख्ख्या नातीचं लग्न निघालं होतं.

मेणात हात घालून बसल्या बसल्या ती एक दिवस म्हणाली, "मना दात पायजेत. नातीचं लगीन हाय. ती गोठिवलीची जर माजे मांडवान बसली, त मी खाडीन जाऊन बसंन."

"मला तोंडात हात घालायचा परवाना नाही, आजी. डॉक्टरकडे जा, तो माप पाठवेल."

"माजे घराखाली दात व्हतान नं मी वाशीला जाऊ?"

त्यानं उठून हात धुतले. गाळा तिच्या मुलाचा होता.

माप घेतलं. मग त्याची एक रीत होती, ती आली. कच्ची कवळी ज्याची त्यानंच तोंडात बसवली की तो प्रत्येकाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचा. साठ, एकसष्ट, बासष्ट. त्यात स आहे, ष्ट आहे. दात एका केसानं पुढं किंवा मागं असला तरी सहासष्टावर कळतं म्हणायचा. मोठे मोठे लोक गाळ्यात येऊन पोरांसारखे सहासष्ट, सदुसष्ट करत बसायचे.

म्हातारी म्हणाली, "मना इसाच्या वर येत नाय. मी तीन इसा म्हनतं."

"तीन इसा चालणार नाही. मला साठातला स पाहिजे."

"धवला म्हनू कं?"

"त्यात स आहे?"

"स हाय, श हाय, सगलं हाय. तू गप ऱ्हा नं ऐक."

तिनं मेणाच्या दातांनी धवला म्हटला. त्याआधी मी तिला वरच्या मजल्यावर बिनदातांनी म्हणताना ऐकलं होतं. सगळे शब्द भिजलेल्या पिठासारखे एकमेकांना चिकटलेले. आता ते सुटे झाले. मला त्यांची बोली अर्धी कळायची, पण नवरीच्या पायांतलं जोडवं, मांडवाची मेढ, आंब्याचा टाळा, एकेक शब्द वेगळा ऐकू आला. म्हातारी मध्येच थांबली. "मीच हाय कं ही?" असं तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "दुसरं कोण असणार?"

"ग-मध्ये गडबड नाही," तो म्हणाला. "स-मध्ये आहे. परत."

दुसरी खेप झाली. तिसरी झाली. तिसऱ्या खेपेला दात उत्तम होते. मला बरे वाटले, म्हातारीला बरे वाटले, घरमालक बघायला आला होता त्यालाही बरे वाटले. याला श-मधून वारा जाताना ऐकू आला. त्यानं दात उपटून मेण परत वितळवलं. तेव्हाच ती कवळी शिजवायला घातली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्याला वारा ऐकू आला.

चौथी खेप झाली तेव्हा हळद उद्यावर आली होती. पक्की कवळी करायला दोन दिवस लागतात. घरमालक खाली आला. माणूस वाईट नव्हता, पण हळदीच्या आदल्या दिवशी कोणीच चांगला नसतो.

"तुमच्या त्या श-पायी माझे पोरीची हलद थांबवू कं? मी गोठिवलीला निरोप धारतंय."

"थांबा," हा म्हणाला.

त्यानं तो लपवलेला डबा काढला. पानावरचं मेण गुलाबी मेणात मिसळलं, थोडं चिकट घातलं. दुपारभर त्या मिश्रणाची गोळी तोंडात धरून बसला. एक शब्द बोलला नाही, त्यामुळे ती दुपार चांगली गेली. संध्याकाळी गोळी काढून बघितली. आकार तसाच. मग तो म्हणाला, "कच्चीच घालून जा. उद्याचा दिवस टिकेल."

कच्ची कवळी त्यानं कोणाला कधी घरी नेऊ दिली नव्हती. हा त्याचा सगळ्यांत पक्का नियम. तो त्यानं म्हातारीच्या मायेनं मोडला असं कोणाला वाटेल. तसं नाही. त्याला ते दात तीनशे माणसांत, माइकवर, ऐकायचे होते.

सकाळी त्यानं म्हातारीला नियम सांगितले. "पाणी चालेल, सरबत चालेल. चहा नाही. गरम भात नाही. मिश्री नाही. शिंक आली तर तोंडावर हात. दात काही हलतोय वाटलं तर मला सांगायचं."

"नं मुताला जाव त? ती पन तुना इचारून कं?"

"यांना विचारून," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. मला दिवसभर तिच्याजवळ बसायचं होतं. काम एकच, गरम काही तोंडात जाऊ द्यायचं नाही.

म्हातारी जी बसली ती बसली. मे महिना, वर पत्र्याचा मांडव, पुढ्यात माइक. ती म्हणत होती आणि जुन्या बाया रडत होत्या. रडायला त्यांना कारण लागत नाही, पण त्या दिवशी होतं. गोठिवलीची धवलारीण पाहुणी म्हणून आली होती. ती तोंड वाकडं करून बसली होती आणि दुपारपर्यंत तीही मागं म्हणायला लागली. हा पुढच्या रांगेत डोळे मिटून बसलेला, हाताचं एक बोट वर. स आला की बोट हलायचं. त्याच्या चेहऱ्यावर मी पाच वर्षांत एवढंच समाधान पाहिलं.

तीनच्या सुमाराला म्हातारीचा आवाज फाटायला लागला. मी पाणी दिलं. बर्फाचं होतं, ती पीना, गळा धरतो म्हणाली. सरबतही गार. "बाय गो, घसा सुकला. चाय दे वाईच."

"नाही म्हणून सांगितलंय."

"त्याला काय कलतं? त्यानं कदी धवलं म्हटलंन कं? फुकून दे."

मी चहा दिला. दुसऱ्या कोणी दिला नाही, मी दिला. बशीत ओतला, फुंकला, बोट बुडवून बघितलं. माझं बोट भांडी घासून घासून जाड झालेलं. त्याला तो कोमट लागला. पहिल्या बशीनं काही झालं नाही. म्हणून मी दुसरी दिली.

ती प्यायली आणि पुढची ओळ लांब होती म्हणून तिनं छाती भरून श्वास ओढला. सैल झालेली दाढ त्या श्वासाबरोबर आत गेली.

मांडवात पुढं काय झालं ते वर सांगितलंच आहे. चारजण याच्या अंगावर होते, बेंजो वाजत होता आणि मी ओरडत होते ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मग मला माइक दिसला. मी तो उचलला. आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलले, आणि बोलले ते असं, "अंगात न्हाई आलं. दात अडकलाय तिच्या नरड्यात. त्याला सोडा, मेली तर तुमच्या डोक्यावर बसंल."

बेंजो थांबला. घरमालकाचा वर उचललेला हात तसाच राहिला. यानं त्या अवधीत म्हातारीला गुडघ्यावर पालथी टाकली आणि पाचवा रट्टा घातला. मग सहावा. सहाव्याला खक् असा आवाज झाला आणि हळदीच्या पाटावर काहीतरी टपकलं. म्हातारीनं श्वास घेतला. तो आवाज चांगला नव्हता, पण श्वासाचा होता.

पाटाजवळ दोन दात पडले होते. एक म्हातारीच्या कवळीतली दाढ. दुसरा त्याचा स्वतःचा, समोरचा, घरमालकाच्या ठोशानं पडलेला. त्यानं आधी दाढ उचलली. तिच्या बुडाला लागलेलं मेण चिमटीत दाबलं, नाकाला लावलं. तोंडातून रक्त गळत होतं. माझ्याकडे बघितलं.

"चहा," तो म्हणाला.

म्हातारीला पाणी पाजलं. डॉक्टरकडे न्यायला रिक्षा आणली, तर ती म्हणे, ओळ अर्धी राहिलीय. अर्धी ओळ टाकून उठलं तर नवरीला बरं नाही. तिनं दोन्ही कवळ्या काढून माझ्या ओटीत टाकल्या आणि राहिलेला धवला बिनदातांनी पुरा केला. शब्द परत पिठासारखे झाले होते. कोणाची काही तक्रार नव्हती. बाया आधीसारख्याच रडल्या. मला तर वाटतं, जास्त रडल्या. दात पडलेल्या तोंडावर फडकं धरून हा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "कोणाला काही फरकच कळत नाही का?"

मी म्हटलं, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी घरमालक खाली आला. माफी मागायची होती, ती त्याला जमेना. म्हणाला, "तुमचा दात आमच्याकरनं गेला."

"असू दे. हलतच होता," हा म्हणाला. हलत वगैरे काही नव्हता.

वरच्या लोकांनी ठरवलं की मेणच कच्चं होतं. गावातही तेच झालं. दोन दवाखान्यांनी काम पाठवणं बंद केलं. मेणाचे दात घालून बाई पाठवतो म्हणजे काय, असं. चहाचं मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. याला कोणी त्याचा मोठेपणा समजू नये. चहा कोणी दिला यात त्याला रस नव्हता. किती गरम होता यात होता.

पुढचे आठ दिवस त्यानं मला चहा करायला लावला. तसाच, तेवढ्याच साखरेचा, बशीत ओतून. "किती वेळा फुंकलात?" "चार." "नीट आठवा." "पाच असेल." मग तो बशीत थर्मामीटर बुडवायचा आणि मेणात बसवलेली दाढ बुडवायचा आणि घड्याळ बघायचा. चहा करून करून माझी साखर संपली. एकदा मी म्हटलं, "माझ्या हातनं बाई मरायची होती. तुम्ही एक शिवी तरी द्या."

"शिवीनं मेण कडक होत नाही," तो म्हणाला. "फुंका."

नवव्या दिवशी त्याला असं मेण जमलं जे बशीभर चहात टिकलं. ते इतकं कडक होतं की त्यात दात बसवताच येत नव्हता. ते त्यानं डब्यात घालून ठेवलं, डब्यावर लेबल लावलं, "चहा."

म्हातारीची पक्की कवळी त्यानं पुढं करून दिली. सुरेख झाली होती. तिनं ती एकदा फोटोसाठी घातली आणि मग देव्हाऱ्याशेजारी पाण्याच्या पेल्यात ठेवली. तिला त्या दातांची भीती बसली होती. पण भीती दातांचीच बसली, धवल्याची नाही. हळदीच्या मांडवात मरून परत आलेली धवलारीण म्हणून उलट तिला गावोगावची बोलावणी यायला लागली. घणसोली, रबाळे, पार उरणपर्यंत. सगळीकडे बिनदातांनी. वरच्या मजल्यावर ती म्हणायला बसली की हा खाली शटर ओढून घ्यायचा. म्हणायचा, ऐकवत नाही.

स्वतःच्या पुढच्या दाताच्या जागी त्यानं काही बसवलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सहासष्ट म्हणून बघितलं. चालतंय."

तीन वर्षांनी त्यानं गाळा सोडला आणि खांदेश्वरला बहिणीकडे गेला. तिथंच कावीळ होऊन वारला, मला महिन्यानं कळलं. म्हातारी त्याच्यानंतर सहा वर्षं होती. नातीची दोन्ही पोरं तिनं मांडीवर घेतली, आणि शेवटची दोन वर्षं तिला काहीच आठवत नव्हतं. मांडवातल्या त्या दिवसातून आम्ही तिघंही जिवंत निघालो. आता त्यातली मी आहे.